संगणकीय दप्तराचे दीर्घकालीन जतन : माध्यम कोणते निवडावे?

पुण्याच्या पेशवे दप्तरात अठराव्या शतकातील मोडी लिपीतले असंख्य कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. कोठे शाई पुसट झाली आहे, कोठे कसरीने कडा कुरतडल्या आहेत. तरीही जाणकाराने रुमाल सोडला की कागद बोलू लागतो. तो वाचण्यास डोळे, उजेड आणि लिपीचे ज्ञान एवढी तीनच साधने पुरतात.

गेल्या काही दशकांत शासकीय दप्तराचे स्वरूप पार पालटले. सात-बाराचे उतारे, फेरफार, जन्म-मृत्यूच्या नोंदी, ग्रामपंचायतीचा नमुना ८, शाळांचे प्रवेश व निकाल, इतकेच नव्हे तर मंत्रालयातील नस्त्याही संगणकावर आल्या. काम सुलभ झाले, लोकांचे हेलपाटे कमी झाले. परंतु संगणकीय नोंद उघड्या डोळ्यांनी वाचता येत नाही. ती ज्यावर साठविली ती वस्तू, ती वस्तू वाचणारे यंत्र आणि नोंदीचा अर्थ लावणारी संगणकप्रणाली ही तिन्ही शाबूत असतील तरच ती नोंद हाती येते. यांपैकी एक कडी तुटली तरी नोंद असून नसल्यासारखीच होय.

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. इतर मागासवर्गीय उमेदवारास जातीच्या दाव्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या उमेदवारास २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि अनुसूचित जातीच्या उमेदवारास १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. तो बहुधा सापडतो कोठे? आजोबांच्या शाळेतील जनरल रजिस्टरात किंवा गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीत. त्या काळच्या एखाद्या मुख्याध्यापकाने कपाट कोरडे ठेवले म्हणून आज कोणाच्या नातवाला प्रवेश मिळतो. आज संगणकात होणारी नोंद पन्नास वर्षांनंतर अशाच कोणाला तरी लागणार आहे. त्या दिवशी ती सापडेल की नाही, हे आज निवडलेल्या साधनावर आणि आज लावलेल्या शिस्तीवर अवलंबून आहे.

नुकसान कसे होते?

संगणकीय नोंदी नष्ट होण्याची कारणे चार प्रकारची आहेत.

पहिले, माध्यमाचीच झीज. चुंबकत्व क्षीण होते, रंगद्रव्य विटते, विद्युतभार झिरपतो, यंत्राचे भाग अडकतात.

दुसरे, वाचणारे यंत्र नाहीसे होणे. इंग्लंडमधील एक उदाहरण बोलके आहे. १०८६ साली तेथे राजाज्ञेने सर्व मुलखाची मोजदाद होऊन ‘डोम्सडे बुक’ हा ग्रंथ सिद्ध झाला. त्यास नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ साली बीबीसीने नव्या युगाचा तसाच ग्रंथ संगणकावर तयार केला. शाळाशाळांतून मुले व शिक्षक यांनी आपापल्या परिसराची माहिती पाठविली. सुमारे दहा लाख लोकांचा हात या कार्यास लागला. ही माहिती मोठ्या लेझर तबकड्यांवर साठविण्यात आली. पंधरा-सोळा वर्षांतच त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली. २००२ साली इंग्लंड व अमेरिकेतील विद्यापीठांच्या संशोधकांना जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करणारी प्रणाली मुद्दाम रचून ती माहिती बाहेर काढावी लागली. नऊशे वर्षांपूर्वीचा मूळ ग्रंथ मात्र तेव्हाही वाचता येत होता आणि आजही येतो.

तिसरे, आग, पाणी आणि अन्य आपत्ती. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास लागलेल्या आगीत अनेक विभागांच्या नस्त्या भस्मसात झाल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण व महाड येथे पुराचे पाणी घरादारांत शिरले. संगणकीय साठेही आगीपुढे कागदाइतकेच हतबल असतात. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय माहिती केंद्रात बॅटऱ्यांपासून आग लागली. तेथील शासकीय कर्मचारी ज्या सामाईक साठ्यात आपले कामकाजाचे कागद ठेवीत, त्यातील ८५८ टेराबाइट माहिती जळून गेली. तिची दुसरी प्रत बाहेर कोठेही नव्हती. संगणकविद्येत अग्रेसर गणल्या जाणाऱ्या देशात हे घडले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

चौथे, माणसाची चूक अथवा दुष्टावा. १९६९ साली मानव प्रथम चंद्रावर उतरला, त्या प्रसंगाच्या मूळ दूरमापन फितींचा अमेरिकेच्या नासा संस्थेने कसून शोध घेतला. त्या फिती पुढील काळात पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष २००९ साली काढावा लागला. कोरी फीत हवी होती, म्हणून भरलेली पुसली गेली! खंडणीसाठी संगणकातील माहिती कुलूपबंद करणारे विषाणू हे या प्रकारातील नवे संकट होय. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या अशा विषाणूने अनेक देशांतील संगणक ठप्प केले. संगणकास जोडून ठेवलेली राखीव प्रतही अशा हल्ल्यात मूळ प्रतीबरोबरच निकामी होऊ शकते.

या चारही संकटांना पुरून उरेल असे एकही माध्यम आजवर निघालेले नाही. म्हणून ‘सर्वांत चांगले माध्यम कोणते?’ हा प्रश्नच अपुरा ठरतो. ‘कोणत्या नोंदीसाठी, किती वर्षांसाठी, कोणाच्या देखरेखीखाली?’ असे विचारले तर उत्तर मिळते.

माध्यमांची पारख

*हार्ड डिस्क :* फिरत्या तबकडीवर चुंबकीय खुणांनी माहिती लिहिणारे हे साधन १९५६ पासून वापरात आहे. पहिल्या यंत्रात पन्नास तबकड्या मिळून सुमारे ५ मेगाबाइट माहिती मावे. आज हाताच्या तळव्यावर मावणाऱ्या डिस्कमध्ये १ टेराबाइट, म्हणजे सुमारे दहा लाख मेगाबाइट, किंवा त्याहून अधिक माहिती राहते. स्कॅन केलेल्या एका पानास १ मेगाबाइट धरले तर दहा लाख पाने झाली. किंमत माफक, वापर सोपा आणि कोणत्याही संगणकास जोडता येण्याजोगी, असे हे माध्यम आहे. परंतु ते यंत्र आहे. त्यात फिरणारे भाग आहेत. पडले, आपटले, विजेचा धक्का बसला की ते बंद पडू शकते. नुसते कपाटात ठेवले तरी वर्षानुवर्षांनी ते चालू होईलच याची शाश्वती नाही. तीन ते पाच वर्षांनी डिस्क बदलावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. राखीव प्रतीसाठी हार्ड डिस्क उत्तम. चिरकालीन ठेवीसाठी ती एकटी अपुरी.

*पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड व एसएसडी :* यांत फिरणारे भाग नसतात, म्हणून ती टिकाऊ वाटतात. वस्तुस्थिती निराळी आहे. या साधनांत सूक्ष्म कोशांत विद्युतभार कोंडून माहिती धरलेली असते. वीजपुरवठ्यावाचून पडून राहिल्यास हा भार हळूहळू झिरपतो. उष्णता वाढली की झिरपण्याचा वेग वाढतो. पुरेपूर वापर झालेल्या साध्या एसएसडीने वीज तोडल्यानंतर ३० अंश सेल्सिअस तापमानात एक वर्ष माहिती धरून ठेवावी, एवढीच अपेक्षा या उद्योगाच्या मानकात आहे. नव्या साधनात हा काळ बराच अधिक असतो. तथापि विदर्भातील उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीतील कपाट ३० अंशांवर थांबत नाही. पेन ड्राइव्ह हे माहिती नेण्या-आणण्याचे साधन होय, ठेवण्याचे नव्हे. अनेक कार्यालयांत वर्षभराचे काम एकाच पेन ड्राइव्हवर साठवून तो टेबलाच्या खणात टाकण्याचा प्रघात दिसतो. तो तत्काळ बंद होणे अगत्याचे आहे.

*सीडी, डीव्हीडी व ब्ल्यू-रे :* या तबकड्यांवर प्रकाशकिरणाने माहिती लिहिली जाते. सीडीवर सुमारे ७०० मेगाबाइट, डीव्हीडीवर ४.७ गिगाबाइट आणि एकथरी ब्ल्यू-रेवर २५ गिगाबाइट माहिती मावते. एकदा लिहिल्यावर पुन्हा पुसता न येणाऱ्या तबकड्यांचा एक मोठा गुण असा की, विषाणू अथवा विसराळू हात त्यांतील नोंद बदलू शकत नाही. परंतु घरोघरी वापरल्या जाणाऱ्या बहुतेक सीडी-डीव्हीडींत सेंद्रिय रंगद्रव्य असते; ऊन, उष्णता व दमट हवा यांनी ते विटते. हलक्या प्रतीच्या तबकड्या काही वर्षांतच वाचता येईनाशा झाल्याचा अनुभव आहे. ‘एम-डिस्क’ नावाच्या प्रकारात असेंद्रिय थर वापरलेला असतो व निर्माते शेकडो वर्षांच्या आयुष्याचा दावा करतात. हा दावा प्रयोगशाळेतील चाचण्यांवरून बांधलेला अंदाज आहे, हे विसरू नये. शिवाय तबकडी टिकली तरी ती वाचणारे यंत्र टिकेल काय, हा प्रश्न उरतोच. नव्या संगणकांत तबकडीचा कप्पा क्वचितच आढळतो आणि सोनी कंपनीने कोऱ्या ब्ल्यू-रे तबकड्यांचे उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबविले. तबकड्यांवर जुन्या नोंदी असतील तर त्या आजच अन्यत्र उतरवून घेणे शहाणपणाचे.

*चुंबकीय फीत :* फीत म्हटली की जुन्या काळची वस्तू असा समज होतो. परंतु जगातील मोठमोठी माहिती केंद्रे आजही दीर्घकालीन साठ्यासाठी फितीवरच भिस्त ठेवतात. २००० साली आलेल्या ‘एलटीओ’ प्रकारच्या पहिल्या फितीवर १०० गिगाबाइट माहिती मावे. २०२१ च्या नवव्या पिढीत ती १८ टेराबाइटवर गेली. योग्य तापमानात व कोरड्या हवेत ठेवल्यास फितीचे आयुष्य सुमारे तीस वर्षे धरले जाते. फीत यंत्रातून काढून ठेवली की तिच्याकडे विषाणू पोहोचत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये प्रणालीतील दोषामुळे जीमेलच्या काही ग्राहकांचा पत्रव्यवहार एकाहून अधिक ठिकाणच्या प्रतींतून पुसला गेला, तेव्हा तो फितींवरूनच परत मिळविण्यात आला. उणीव अशी की, फीत वाचणारे यंत्र महाग, लाखांच्या घरातले असते आणि नवे यंत्र फार जुन्या पिढीची फीत वाचू शकत नाही. म्हणून हे माध्यम राज्य अथवा जिल्हा पातळीवरील केंद्रांना मानवते. एकेकट्या शाळेला किंवा ग्रामपंचायतीला नव्हे.

*मायक्रोफिल्म व कागद :* पॉलिएस्टरच्या पायावर चांदीच्या क्षारांनी उमटविलेली मायक्रोफिल्म नीट धुऊन थंड व कोरड्या जागी ठेवल्यास सुमारे पाचशे वर्षे टिकेल, असे मानले जाते. ती वाचण्यास भिंग व उजेड पुरतो. शोधाशोध मंद आणि खर्च अधिक, तरी अत्यंत मोलाच्या नोंदींसाठी तिचे स्थान कायम आहे. चांगल्या आम्लरहित कागदावरील मुद्रित प्रतीसही हेच लागू पडते.

*क्लाउड :* दूरच्या माहिती केंद्रातील भाड्याची जागा, असा याचा सोपा अर्थ. शासकीय कार्यालयांसाठी राज्य व केंद्र पातळीवर अशी केंद्रे आहेत. कार्यालय पाण्याखाली गेले तरी तेथील प्रत सुरक्षित राहते, हा मोठा लाभ होय. परंतु जागा भाड्याची असली की भाडे थकता कामा नये, परवलीचा शब्द हरवता कामा नये आणि करार संपताना सर्व माहिती परत मिळण्याची अट त्यात असावी. कोरियातील आगीने हेही दाखविले की, दूरच्या केंद्रातील प्रत ही एकमेव प्रत असेल तर ती राखीव प्रत म्हणताच येत नाही. तसेच खासगी कंपनीच्या विनामूल्य खात्यात शासकीय नोंदी ठेवणे कोणत्याही दृष्टीने उचित नाही.

वर्गवारीवरून निवड

निवडीचा मार्ग शासकीय दप्तरास अपरिचित नाही. अभिलेखांची ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ अशी वर्गवारी कार्यालयांत रूढ आहे : ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क’ पाच-दहा वर्षांचा आणि ‘ड’ वर्षभराचा. हीच फूटपट्टी संगणकीय नोंदींना लावावी.

‘ड’ व ‘क’ वर्गातील नोंदींसाठी हार्ड डिस्कवरील दोन प्रती व वेळच्या वेळी बदल एवढे पुरेसे आहे. ‘ब’ वर्गासाठी हार्ड डिस्कच्या जोडीला वेगळ्या प्रकारचे एक माध्यम, म्हणजे शासकीय क्लाउड, फीत अथवा असेंद्रिय थराची तबकडी हवी. आणि तीस वर्षांत किमान सहा-सात वेळा ही माहिती नव्या डिस्कवर उतरवावी लागेल, असे गृहीत धरून चालावे. ‘अ’ वर्गासाठी, म्हणजे जनरल रजिस्टर, जन्म-मृत्यूची नोंदवही, ग्रामसभेचे ठराव यांसाठी, संगणकीय प्रतींबरोबर मूळ कागद जपणे अनिवार्य आहे. स्कॅन झाले म्हणून मूळ वही रद्दीत घालणे हा गंभीर प्रमाद होय. सार्वजनिक अभिलेख मनास येईल तेव्हा नष्ट करता येत नाहीत. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ चे बंधन त्यास आहे.

तीन, दोन, एक

सर्व जाणकारांस मान्य असलेला एक सुटसुटीत नियम आहे : प्रती तीन असाव्यात, त्या निदान दोन भिन्न प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांतील एक तरी दुसऱ्या ठिकाणी असावी. तीन प्रतींमुळे एक बिघडली तरी दोन उरतात; भिन्न माध्यमांमुळे एकच दोष सर्वांना ग्रासत नाही; दुसऱ्या जागेमुळे एकच आग किंवा एकच पूर सर्व काही नेत नाही. यास आणखी एक जोड द्यावी : एक प्रत संगणकापासून पूर्णपणे विलग, कपाटात कुलूपबंद असावी. ‘दुसरी जागा’ म्हणजे शेजारची खोली नव्हे. नदीकाठच्या गावाची प्रत त्याच नदीच्या पूररेषेतील तालुक्याच्या कार्यालयात ठेवून उपयोग नाही.

अक्षरे टिकली, अर्थ हरवला

माध्यम शाबूत राहूनही नोंद वाचता न येण्याचा प्रसंग मराठी दप्तरांवर विशेषकरून ओढवतो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि तीत देवनागरीचा समावेश होता. तथापि त्यानंतरही कित्येक वर्षे मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या खास फाँटांत टंकलिखित होत राहिला. तो फाँट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक पसारा दिसतो. अशा जुन्या फाइली शोधून युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्यात आणि जोडाक्षरे व आकडे मूळ मुद्रित प्रतीशी ताडून पाहावेत. कायम ठेवायच्या दस्तऐवजांसाठी ‘पीडीएफ-ए’ हे २००५ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झालेले स्वरूप वापरावे. त्यात लागणारे फाँट फाइलीतच अंतर्भूत असतात. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७ मध्येही इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुढे केव्हाही पाहता येईल असा असावा, तो मूळ स्वरूपात किंवा मूळ माहिती अचूक दर्शविणाऱ्या स्वरूपात असावा आणि तो कोठून, केव्हा आला हे कळावे, अशा अटी आहेत.

वार्षिक तपासणी

तिजोरीतील रोकड दररोज मोजली जाते. मग दप्तराची मोजदाद का नसावी? यासाठी संगणकात एक सोपी युक्ती आहे. प्रत्येक फाइलीवरून ठराविक गणिती रीतीने एक लांबलचक संख्या काढता येते. ती जणू त्या फाइलीचा अंगठ्याचा ठसाच. फाइलीत एक अक्षर जरी बदलले तरी ठसा बदलतो. प्रत करताना हे ठसे नोंदवून ठेवावेत आणि वर्षातून एकदा पुन्हा काढून ताडून पाहावेत. ठसा जुळला नाही तर दुसऱ्या प्रतीवरून ती फाइल दुरुस्त करावी. ‘एसएचए-२५६’ या नावाची पद्धत त्यासाठी प्रचलित असून तिची साधने विनामूल्य मिळतात. याच वेळी काही फाइली प्रत्यक्ष उघडून वाचाव्यात. न तपासलेली राखीव प्रत म्हणजे न वाजविलेले नाणे होय.

लहान कार्यालयासाठी आराखडा

मध्यम आकाराच्या शाळेची जुनी रजिस्टरे दहा हजार पानांची धरली तर ती स्कॅन होऊन सुमारे १० गिगाबाइट माहिती होते. एवढ्या साठ्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या किंवा वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या हार्ड डिस्क आणाव्यात. एक कार्यालयात कुलूपबंद ठेवावी, दुसरी पंचायत समितीच्या अथवा संस्थेच्या अन्यत्र असलेल्या कार्यालयात द्यावी. तिसरी प्रत शासकीय क्लाउडवर किंवा चांगल्या प्रतीच्या तबकड्यांवर असावी. डिस्कवर खरेदीचा महिना, वर्ष व बदलण्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी लावावी. तबकडीवर मात्र चिठ्ठी चिकटवू नये, पाण्यावर आधारित शाईच्या लेखणीने मधल्या कड्याजवळ लिहावे. कोकणातील पावसाळ्यात माध्यमे हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत. या नोंदींत लोकांची खासगी माहिती असते, म्हणून प्रतींना परवलीचा शब्द असावा. तो लिहून मोहोरबंद पाकिटात कार्यालयप्रमुखाच्या ताब्यात ठेवावा. निकामी झालेली डिस्क भंगारात देण्यापूर्वी पूर्णपणे मोडून टाकावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या सर्वांची एक साधी कागदी नोंदवही असावी. कोणती प्रत कोठे आहे, केव्हा केली, केव्हा तपासली, पुढे केव्हा बदलायची आहे, हे तीत लिहिलेले असावे आणि बदली होणाऱ्या कर्मचाऱ्याने कार्यभार सोपविताना ही वही व डिस्क मोजून द्याव्यात. पुष्कळदा माहिती नष्ट झालेली नसते; ती कोठे आहे हे ठाऊक असलेला माणूस बदलून गेलेला असतो.

पेशवे दप्तरातील रुमाल आजवर टिकले ते केवळ कागद चांगला होता म्हणून नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या कोणी ना कोणी ते मोजले, झटकले, वाळवीपासून वाचविले म्हणून. संगणकीय दप्तराची काळजी त्याहूनही वारंवार घ्यावी लागेल, कारण त्याचे आयुष्य कागदाहून थोडे आहे. माध्यमे येतील आणि जातील. नोंद एका माध्यमावरून दुसऱ्यावर वेळेवर उतरविणारा दक्ष कर्मचारी हाच दप्तराचा खरा आधार आहे. त्याच्या या कामाची पोच त्यास बहुधा मिळणार नाही. पन्नास वर्षांनंतर दाखल्यासाठी खिडकीशी उभ्या राहिलेल्या एखाद्या विद्यार्थ्यास मात्र त्याची नोंद मिळेल.